झोपेचा भाऊ
घोंगडीचा वास आला की खुटबावची ती दुपार आठवते. वडील झोपेतच गेले, तेव्हापासून मला डोळे मिटायची धास्ती वाटायची. दौंडच्या डॉक्टरांनी त्या भीतीचं नाव सांगितलं, हिप्नोफोबिया. हिप्नोस हा ग्रीकांचा झोपेचा देव, आणि मृत्यू त्याचा जुळा भाऊ! उरलीसुरली झोपही उडाली. जन्मभर मेंढरं राखलेल्या चुलत्यांना हे सांगितलं, तर ते हसले. "सख्खं भाऊ असलं म्हून काय झालं? बांध येगळाच असतोय की! तू पड, मी बसतो बांधावर." त्यांनी लिंबाखाली घोंगडी अंथरली. जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती आणि चुलते तसेच माझ्याकडं बघत बसले होते. आता ते नाहीत. तरी रोज डोळे मिटताना वाटतं, बांधावर कुणीतरी बसलंय.