मोगरीचा ताप, परीचा थर्मामीटर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरात आजारपण शिरलं. वेळ पक्की ध्यानात आहे, कारण परीचं दूध उतू चाललं होतं आणि तेवढ्यात मालक गोठ्यातनं ओरडले, "अगं ये, मोगरी तापलीया!" दुधाकडं कुणी बघितलं नाही.

मोगरी म्हणजे आमची वरातीची पांढरी घोडी, मालक म्हणजे माझा नवरा आणि परी आमची लहान लेक. घोडीच्या घरात किस्से कसे साचतात म्हणाल, तर लिदीगत! रोज उचला, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. त्यातले हे थोडे, त्या आजारपणातले.

*

घरात थर्मामीटर एकच. माहेराहून, वळसंगहून येताना मी परीसाठी घेतला होता. तिचं अंग जरा कोमट लागलं तरी मला घास गिळत नाही. त्या दिवशी बघते तर डबी रिकामी! एवढ्यात मालक गोठ्यातनं तोच थर्मामीटर घेऊन आले. घोडीचा ताप कुठनं बघतात ते माहीत असेल तर ठीक, नसेल तर विचारू नका.

मी किंचाळले, "अवो, धुतला का न्हाय?"

"म्हंजी काय?" मालक म्हणाले. "तिला लावायच्या आधी चांगला धुतला की!"

*

मोगरीचा ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा. पोटाखाली सूज आली, पाय सुजले. सासूबाईंचं निदान तयारच होतं. "दृष्ट! वरातीत लोक नवरी सोडून हिच्याकडंच बघत्यात!"

मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. कानामागं काजळाचं बोट लावलं. गोरीला तीट लई शोभते म्हणून वर कौतुक!

मी म्हटलं, "आत्या, परीला बी खोकला हाय. तिच्यावरनं बी ओवाळा की."

"मिरच्या संपल्या गं," सासूबाई म्हणाल्या.

*

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पण मालकांचा हट्ट, तापलेली घोडी रस्त्यानं न्यायची नाही. गल्लीत दस्तगीरचाचांचीही वरातीची घोडी आहे. मोगरी आजारी आहे हे फुटलं, की गिऱ्हाइकं तिकडं वळणार. म्हणून ताप उतरायची वाट बघितली. उतरल्यावर तिला आंघोळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, डोक्यावर तुरा. परीला कडेवर घेऊन मी मागनं. माझ्या साडीला इस्त्रीसुद्धा नव्हती.

चाचा ओट्यावर चहा पीत होते. "क्या भाऊ, सुबू सुबू किसकी शादी?"

"ट्रायल हाय, चाचा!"

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दुल्हन तो वहीच है, घोडी नई दिखरी!"

*

दवाखान्यातल्या मॅडम तरुण, हसऱ्या. घरी नुसतं 'हं' म्हणणारा माणूस तिथं बोलतच सुटला. हिरड्या कधी फिकट पडल्या, लीद कशी आहे, कुठल्या कुशीवर झोपते, सगळं तोंडपाठ! मॅडमनी परीच्या गालाला हात लावून सहज विचारलं, "ही किती वर्षांची?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं!

मग मॅडमनी मोगरीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. काहीच दिसेना. "ताप असताना का नाही आणलंत? ताप चढला की या आजाराचे जंतू रक्तात दिसतात, उतरला की सापडत नाहीत. तुम्ही घोडी सजवून आणलीत आणि आजार घरी ठेवून आलात!"

*

परत ताप चढला तेव्हा मोगरीला धड उभं राहवेना. मागचे पाय एकमेकांत अडकायचे. मालकांनी झूल नाही, तुरा नाही, तशीच बाहेर काढली. चाचांनी बघितलं आणि कप खाली ठेवला. "मेरेकू पहलेच बोलना था ना! मेरी घोडी कू भी यहीच हुआ था." दुसऱ्या बाजूनं दोरी धरून तेही निघाले.

या वेळी काचेखाली सापडलं. मॅडमनी मलाही दाखवलं. गोल गोल पेशी, आणि त्यांना ढकलत एक बारीक दोरा वळवळतोय! माझं पहिलं बोलणं, "माझ्या लेकीला होईल का वो?"

"सहसा माणसाला होत नाही. तरी माश्या होऊ देऊ नका."

मग म्हणाल्या, "यांच्यातही जाती असतात. घोडमाशी चावून पसरते ती एक, तो सर्रा. घोड्याकडून घोडीला होते ती दुसरी. काचेखाली दोन्ही सारख्याच, म्हणून रक्त मोठ्या लॅबला पाठवते. मला सांगा, हिला कधी घोडा लावला होता का?"

मालक ताडकन उठले. "मॅडम, आमची मोगरी तसली न्हाय!"

सगळा दवाखाना हसला, चाचा तर भिंतीला टेकून हसले. मी नाही हसले. लग्नात यांच्या मामी माझ्या रंगावरनं बोलल्या, तेव्हा हाच माणूस शेजारी बसून तंबाखू मळत होता.

लॅबमधनं कळलं, सर्राच. मोगरीला सुई दिली. मॅडम म्हणाल्या, लागू पडली तर वाचेल. मालक गोठ्यातच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तिनं हरभऱ्यात तोंड घातलं, तेव्हा ते रडले. परी झाली तेव्हा पेढे वाटले होते फक्त.

*

त्यानंतर मला ताप आला. मी गोळी तोंडात टाकणार, तर मालकांनी हातातनं काढून घेतली. "गोळी नको! आंघोळ नको! ताप हाय तवरच रक्त देऊ!" केससुद्धा विंचरू दिले नाहीत.

ओट्यावरनं चाचा ओरडले, "क्यों भाऊ, आज दुल्हन कू सजाया नै?"

माणसांच्या दवाखान्यात सुई टोचताना मालक मोगरीला थोपटतात तसा माझ्या मानेवरनं हात फिरवत होते. "हो... हो... हो राणी..." रक्त घेणारी बाई सुई धरून बघतच राहिली. माझा ताप साधाच निघाला.

संध्याकाळी मालक भिजवलेल्या हरभऱ्यांची पाटी घेऊन गोठ्याकडं निघाले. मध्येच वळले आणि पाटी माझ्यापुढं ठेवली. वर गुळाचा खडा! आधी मला!

मोगरीनं ते बघितलं. पाण्याच्या बादलीला अशी लाथ घातली, की बादली थेट चाचांच्या ओट्यावर!

तेवढं एक काम करा. जिथं घोडं असेल त्या घरी सांगा, ताप असतानाच रक्त द्यायला न्या, नटवणं नंतर. आणि घोडं नसलं तरी बायको असेलच की. तिथंही सांगा.