जिजीचा पाहुणचार

एके काळी जिजीच्या दारातून कुणी चहा न घेता गेलं, असं होत नसे. वायरमन असो, पोलिओचे डोस पाजणाऱ्या बाया असोत, नाहीतर रस्ता चुकलेला एखादा. जिजी आधी चूल पेटवायची आणि मग काम विचारायची. धानोऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून ती एकटीच राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, पण रुबाब असा की पाटलिणीने बाजूला सरावं.

हातपाय चालत होते तोवर तिने सरकारकडे काही मागितलं नाही. तरुणपणी दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली होती, तेवढाच काय तो संबंध. गुडघे गेले तेव्हा निराधार योजनेच्या महिन्याच्या पगारासाठी मीच तिचा अर्ज केला. ती हसली. "खडी फोडी तवय कोन्ही ईचारं नही, तू गरीब शे का. आते ईचारतस!"

चौकशीला साहेब येणार म्हटल्यावर तिने घर सारवलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, आमच्याकडून खुर्ची, कपबश्या, भिंतीवरचं घड्याळसुद्धा मागून नेलं. साजूक तुपातला शिरा केला. साहेबांनी तो चाटूनपुसून खाल्ला, तारीफ केली आणि परिस्थिती चांगली असल्याचा शेरा मारला. अर्ज नामंजूर.

"आजी, गरिबासारखं दिसायला नको का?" तालुक्याच्या कचेरीत कारकून चारचौघांत म्हणाला. जिजीने पदर पुढे ओढला. तिच्या शेजारी उभी राहून मीही मान डोलावली.

पुन्हा अर्ज केला. या चौकशीला ती ठिगळाच्या लुगड्यात जमिनीवर बसली. चूल थंड. साहेबांनी पाणी मागितलं, तेवढं दिलं. ते गेल्यावर मी डोकावले तर ही रडत होती. "पाव्हनाले कोरडाच धाडा वो मी."

पगार सुरू झाला. चहा मात्र बंद पडला तो पडलाच. साहेब पुन्हा कधी येतील, ही धास्ती तिला कायमची बसली.

इथवरची लाज सरकारवर ढकलता येते. पुढची माझी आहे.

माझ्या लेकीचं लग्न होतं, व्याही सुरतचे. जिजी त्याच ठिगळाच्या लुगड्यात आली आणि आचाऱ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी नवं पातळ पुढे केलं, तर तिने हात मागे घेतले. "नको वो माय. फोटोमा चांगली दिसनू तं पगार बंद पडी जाई."

तेवढ्यात विहीणबाईंनी विचारलं, "या कोण?"

"शेजारची बाई आहे. कामाला बोलावलीय," मी म्हणाले.

जिजीने ते ऐकलं. खाली बसली आणि ताटं पुसायला घेतली.