कागदावर होती तेवढी गाडी

माझी आत्या गोड बोलत नाही. तिला ते जमत नाही असं नाही, तिला त्याचा कंटाळा आहे. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीला शटर लावून तिने वेल्डिंगचं दुकान थाटलंय. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे असली कामं ती करते. गिऱ्हाईक दाराचं माप सांगताना अडखळलं की काळा चष्मा कपाळावर सरकवून विचारते, "घर तुमचंच आहे ना?" तरी लोक येतात. फाटकावर ट्रक आदळला तर खांब वाकतो, भिंत पडते, पण आत्याने मारलेला जोड सुटत नाही. लोक अपमान गिळतात आणि फाटक घेऊन जातात.

हकिगत तिच्या मोटारसायकलची आहे. तिची की नाही, यावरच पुढे सगळं पेटलं.

आमचे आतोबा, म्हणजे तिचा नवरा, अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेले. भांडण झालं, त्यांनी बॅग भरली आणि तोऱ्यात जाऊन गाडीला किक मारली. गाडी सुरू होईना. आत्या दारात उभी राहून मोठ्याने आकडे मोजत होती. सदतीसपर्यंत मोजल्याचं ती सांगते. शेवटी आतोबा घामाघूम होऊन बसने गेले. पुढे काडीमोड झाली, त्यांनी दुसरा संसार मांडला, आणि गाडी आमच्या जिन्याखाली पडून राहिली. आधी तिच्यावर गोणपाट पडलं, मग रद्दी, मग माझी तुटकी सायकल. कागद आतोबांकडे राहिले होते. हे मला माहीत नव्हतं, बाबांना आठवत नव्हतं आणि आत्याला त्याची फिकीर नव्हती.

दोनेक वर्षांपूर्वी एक झकपक पोरगा जुनी गाडी घेऊन दुकानात आला. त्याला तिची कॅफे रेसर करायची होती. म्हणजे काय, तर जुन्या मोटारसायकलवरचं सगळं जास्तीचं उतरवायचं आणि उरलेलं आवळून बसवायचं. हँडल खाली, टाकी लांबट, पायदानं मागे, सीट एकट्यापुरती आणि तिच्या शेपटाला एक उंचवटा. असल्या गाडीवर माणूस बसत नाही, पालथा पडतो. आत्याने एकदोन गोष्टी सुचवल्या, तर पोरगा हसून म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त जोड मारा. डिझाइन तुम्हाला नाही कळायचं."

आत्याने जोड मारला, पोराला वाटेला लावलं आणि जिन्याखालचं गोणपाट ओढून काढलं. लोकांना उगवता सूर्य बघून वगैरे काहीतरी करावंसं वाटत असेल. आत्याला अपमान पुरतो.

चौदा महिने ती त्या गाडीशी भांडली. आधी पुठ्ठ्याची खोकी कापून टाकीचे साचे केले. मग वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने बडवायला लागली. दिवसभर जाळ्या, संध्याकाळी टाकी. पहिली टाकी गळली. साबणाचा फेस लावून आत हवा भरली, तर जोडावर बुडबुडे आले. "गळतेस? माझ्याकडे?" असं टाकीला विचारून तिने ती भंगारात फेकली. दुसरी डावीकडे फुगली. तिसरी मात्र अशी आली की डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे बोट अडकत नव्हतं.

आठ वाजले की बाबा मधल्या दारातून डोकावायचे. "ताई, आता पुरे. शेजारी बोलायला लागलेत."

"शेजाऱ्यांना सांग, त्यांच्या टीव्हीपेक्षा यात जास्त गोष्ट आहे."

इंजिनाचा पिस्टन आतच चिकटला होता. गावाबाहेरच्या टर्नरकडून सिलिंडर घासून घेतला, नवीन पिस्टन, नवीन रिंगा टाकल्या. सगळ्यात अवघड काम मागचं होतं. चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, मागचा लांबलचक भाग कापून तिथे नळीची गोल कमान जोडायची. ही कमान तिने चार वेळा वाकवली आणि एकदाच जोडली. तो जोड मी जवळून पाहिलाय. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली धातूची लहर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी. मी म्हटलं, "आत्या, यावर रंग नको देऊस." ती म्हणाली, "तुला कोणी विचारलं?" आणि त्या जोडावर रंग दिला नाही.

गाडी तिने स्वतःच्या अंगाच्या मापाने केली होती. हात आखूड, म्हणून हँडल जवळ. मी एकदा बसून पाहिलं तर माझे गुडघे कोपरांना लागले.

"उतर. तुझ्या मापाची नाही."

पहिल्यांदा चालवून परत आली तेव्हा तिच्या तोंडावर काहीतरी वेगळं होतं. मी निरखून बघायला लागलो, तर म्हणाली, "काय बघतोस? डोळ्यात चिलट गेलं." त्यानंतर माप घ्यायला ती गाडीवरूनच जायची, खिशात टेप, पाठीवर पिशवी. आवाज ऐकून लोक दारात यायचे आणि कोण चालवतंय हे बघून परत आत जायचे.

फोटो मी टाकला. गाडी शटरसमोर उभी, सकाळचं ऊन टाकीवर. खाली लिहिलं, 'आमच्या आत्याने जुन्या गाडीतून हाताने बनवली.' हजारेक लोकांना आवडला. त्यातले एक आतोबा निघाले.

रविवारी सकाळी ते आले. केस काळे केलेले, हातात प्लास्टिकची फाइल. बाबांनी सवयीने खुर्ची ओढली. "बसा भावोजी. चहा घेणार?"

"त्याला चहा नको," आत्या आतून म्हणाली. "काय हवंय ते विचार."

आतोबा खुर्चीत नीट बसले. "छान केलीस हं गाडी. मी तर घरी सगळ्यांना दाखवली. म्हटलं, आमचीच आहे."

"तुझी कशी?"

बाबांचा कप बशीवर आपटला. ज्या माणसाला आत्या पंधरा वर्षं 'अहो' म्हणत होती, त्याला तिने भर दिवसा 'तू' म्हटलं होतं.

आतोबांनीही ते ऐकलं, पण हसू सांभाळलं. "अगं, कागद माझ्या नावावर आहेत. मी भांडायला नाही आलो. कागदावर जे आहे ते माझं, बाकी माझं काही म्हणणं नाही. कायद्याने बघायला गेलं तर अकरा वर्षं तूच माझी वस्तू अडवून ठेवलीस."

"सदतीस किका मारून तूच टाकून गेलास."

"टाकून नाही, ठेवून."

"ताई," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "देऊन टाक. पोलीस-कोर्ट कुठे करत बसतेस? गाडी काय, दुसरी येईल."

आत्याने बाबांकडे असं पाहिलं की त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मला वाटलं आता हातोडी उडणार. पण ती हात पुसत बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "कागद वाच."

"काय?"

"मोठ्याने वाच. काय काय तुझं आहे ते कळू दे."

आतोबांनी चष्मा लावला. "चासी नंबर." आकडे वाचले. "इंजिन नंबर." तेही वाचले. "रंग लाल. आसनं दोन."

"टाकी लिहिलीय?"

"टाकी कोण लिहितं कागदावर?"

"सीट? हँडल? सायलेन्सर?"

"ते गाडीत आलंच की!"

"कुठे आलं? बोट ठेवून दाखव."

आतोबा माझ्याकडे बघून हसले, बायकांना काय समजवायचं अशा अर्थाने. मी त्यांच्या बुटांकडे पाहत राहिलो.

"शनिवारी ये," आत्या म्हणाली. "सकाळी दहाला. कागदावर आहे ते सगळं मिळेल. शब्द आहे माझा."

आतोबा खुशीत गेले. ताईला उशिरा का होईना शहाणपण सुचलं, असं बाबा आईला सांगायला गेले. मी एकटाच जळत होतो. फोटो माझा होता.

"आत्या, गाडी टर्नरकडे नेऊन लपवू. म्हणू चोरीला गेली."

"मी का लपवू? चोर मी आहे का?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुझ्या त्या फोनला एकदा वेल्डिंग मारणार आहे मी."

सोमवारी तिने जाळ्यांची कामं पुढे ढकलली आणि गाडी उतरवायला घेतली. नट, बोल्ट, वायसर वेगवेगळ्या डब्यांत. टाकी काढली, चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. सीट, हँडल, पायदानं, चाकं, सायलेन्सर. गुरुवारी इंजिन उघडलं, नवा पिस्टन काढला आणि जुना गंजका पिस्टन परत आत टाकला. घासलेल्या सिलिंडरमध्ये तो खुळखुळत होता. "त्याचा आहे. त्याला मिळायला हवा."

शुक्रवारी कमान उरली.

चासी टेबलावर पालथी होती. आत्याने ग्राइंडर हातात घेतला, चालू केला, बंद केला. चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. मी म्हटलं, "राहू दे ना ती एक. त्याला काय कळणारे?"

"मला कळतंय."

"पण असला जोड परत..."

"बाहेर जा."

मी शटरच्या बाहेर उभा राहिलो. एवढी वर्षं तिचा ग्राइंडर ऐकतोय, लोखंडात शिरला की तो एका दमात पार होतो. त्या दिवशी तो तीनदा थांबला.

शनिवारी दहा वाजता आतोबा आले ते एकटेच, बसने, आणि हातात नवंकोरं हेल्मेट. गाडी चालवत घरी जायचं ठरवून आले होते. त्या हेल्मेटकडे बघून मला त्यांची कीव येणार होती, पण ते म्हणाले, "पेट्रोल भरून ठेवलंय ना?" आणि कीव गेली.

शटरच्या आत फरशीवर चासी ठेवलेली होती, मागून बुंध्यापर्यंत कापलेली. शेजारी इंजिन. बस.

"हे काय?"

"चासी. नंबर बघून घे. हे इंजिन. त्याचाही बघ."

"गाडी कुठाय?"

"गाडी माझी आहे. ती मी काढून घेतली."

आतोबा वाकून आत, बाहेर, टेबलाखाली बघायला लागले. "याला मागचा भाग नाहीये!"

"मागचा भाग मी बनवलेला होता."

"मग माझा जुना कुठाय?"

"तो कागदावर लिहिलाय का?"

"अगं, आणि रंग? लाल लिहिलंय कागदावर!"

"लाल रंग मी घासून काढला. भुसा झाला. झाडून ठेवला असता तर पुडीत दिला असता. आसनं दोन लिहिलीयत, ती शोध. माझ्या गाडीला एकच होतं."

आतोबांचा चेहरा कागदावरच्या रंगाचा झाला. "ही थट्टा चालवलीय तू! मी पोलिसात जाईन!"

"जा. चासी घेऊनच जा, नंबर दाखवायला लागेल."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी प्रामाणिकपणे कागद हातात घेतला, वाचला, फरशीकडे पाहिलं, परत वाचला. बाबा आयुष्यभर कारकून होते. "भावोजी," ते म्हणाले, "हिशेब बरोबर आहे."

मग बरंच काही बोललं गेलं. आत्याला मूल झालं नाही ते काढलं गेलं, आत्याने त्यांच्या नव्या संसारातलं काहीतरी काढलं. ते मी इथे लिहीत नाही. दोघांनाही कुठे मारायचं ते चांगलं माहीत होतं, एवढंच सांगतो. शेवटी आतोबांनी रागारागात चासी उचलली. ती दोन्ही हातांनीच उचलावी लागते, म्हणून हेल्मेट डोक्यात घातलं. असे ते खांद्यावर गाडीचा सांगाडा आणि डोक्यात हेल्मेट घालून गल्लीतून चालत गेले. जी माणसं आत्याला बघून दाराआड जायची, ती सगळी बाहेर आली होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला इंजिनासाठी आला. त्याने दोरी कशीतरी गुंडाळली, तेव्हा आत्या ओरडली, "असं बांधतात? वळणावर खाली येईल!" आणि स्वतः टेम्पोत चढून तिने ते आवळून बांधलं.

मी खूश होतो. गल्लीत प्रत्येकाला तिखटमीठ लावून सांगत होतो. मंगळवारी लक्षात आलं की शटर उघडलेलंच नाही. आत गेलो तर आत्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, बूट न काढता.

"आत्या, जिंकलीस की तू."

"काय जिंकले? चौदा महिने डब्यांत भरून ठेवलेत." मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "ती टाकी त्या चासीशिवाय कशावरही बसणार नाही. माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं. ती अजून काही बोलेल म्हणून मी थांबलो, तर म्हणाली, "दार लावून जा."

शुक्रवारी ती मला घेऊन भंगारवाल्याकडे गेली. ढिगाऱ्यातून भलत्याच कंपनीची एक चासी निघाली, इंजिनासकट. भंगारवाला वजनकाट्याकडे वळला.

"वजन नंतर. आधी कागद."

"बाई, भंगाराला कसला कागद?"

"नसेल तर राहू दे तुझ्याकडेच."

तो पुटपुटत आत गेला, तासाभराने मूळ मालकाचा कागद आणि मालक दोघांनाही घेऊन आला. आत्याने त्या बिचाऱ्याकडून तीन ठिकाणी सह्या घेतल्या, पेन चालत नव्हतं तेव्हा स्वतःचं दिलं.

घरी आल्यावर टाकी माळ्यावरून उतरवून नव्या चासीवर ठेवली. टाकीच्या पोटातला पन्हळ, जो चासीच्या नळीवर बसतो, तो अरुंद पडला, दोन बोटं. टाकी वर अधांतरी डुगडुगत राहिली. आत्याने बराच वेळ सगळ्या बाजूंनी बघितलं, मग खडूने टाकीच्या पोटावर एक रेघ मारली, जिथे कापायचं तिथे.

"धर ती नीट," ती म्हणाली. "आणि फोटो काढलास तर याद राख."