सोवळ्याला शेवट असतो

वडिलांची फॅक्टरी बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. देवासला इंडस्ट्रियल एरियाच्या मागे आमची एक खोली होती. गेटला कुलूप लागल्यावर वडील मिळेल ते काम करू लागले आणि आईनं शिलाई मशीन घेतली. ती मशीन दिवसभर चालायची. मला तो आवाज कानात नाही, दातांत लागायचा. मी कान दाबून कोपऱ्यात बसायचे आणि आई म्हणायची, हिला घरच्या कष्टांचीही ॲलर्जी आहे.

मी तशी लहानपणापासूनच निराळी. कुकरच्या शिट्टीला किंचाळायचे. पोह्यांवर शेव पडली तर ताट सरकवायचे, आणि देवासमध्ये शेवेशिवाय पोहे मागणं म्हणजे वेडाचीच खूण. कोणाच्या डोळ्यांत बघून बोलता यायचं नाही. पण पाठ केलेलं विसरायचे नाही, म्हणून पास होत गेले. बारावी झाल्यावर वडिलांनी ठरवलं, ही कॉलेजात जाणार. आमच्याकडे तोवर कोणी गेलं नव्हतं. एका खोलीत, मशीनशेजारी अभ्यास होणार नाही, म्हणून मला धारला आत्याकडे पाठवलं.

आत्या विधवा, मूलबाळ नाही, घर शांत. तिच्या सासरचे लोक धारच्या पवार राजांच्या काळात इकडे आलेले. तिचं मराठीही जुनं आणि देवघराचं सोवळंही जुनं. दाराच्या पडद्याला आपला पदर लागला तरी ती पुन्हा आंघोळ करायची. मला ते घर फार आवडलं. तिथे प्रत्येक गोष्टीला नियम होता आणि नियम कोणी मोडत नव्हतं.

हात धुणं तिथेच वाढलं. आधी देवपूजेपुरतं, मग पुस्तक उघडण्याआधी, मग पान उलटण्याआधी. नळाला हात लागला की नळ धुवायचा, नळ धुतला की हात. डोक्यात एकच चालायचं, की मी काही विटाळलं तर घरात कोणी मरेल. हे मी कोणाला सांगितलं नाही. आत्या मात्र खूश होती. शेजारणींना सांगायची, आमच्या भाचीसारखं सोवळं आजकालच्या मुलींत सापडायचं नाही. शेजारणी आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायच्या. हातांना चिरा पडल्या तेव्हा आत्यानं कौतुकानं खोबरेल तेल लावलं.

त्या चिरांमुळे पेन धरवेना. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला मी घरून निघाले आणि कॉलेजच्या नळाशीच अडकले. पेपर सुरू होऊन संपला. पुढच्या वर्षी तेच. कॉलेजच्या बाबूनं वडिलांना सांगितलं, ‘‘भिया, लड़की की शादी कर दो, पढ़ाई इसके बस की नहीं.’’ वडिलांनी मला पुन्हा आत्याकडेच आणून सोडलं. पण मला कळलं की पुढच्या परीक्षेला बसले नाही तर मी देवासला परत जाणार आणि बी.कॉम. संपणार.

त्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. नैवेद्याचं पुरण आत्यानं पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. मी पुरण वाटलं आणि मनात आलं की हात नळाला लागला होता. ते टाकून दिलं. पुन्हा डाळ शिजवली, पुन्हा टाकली. बाहेर सवाष्णी ताटावर खोळंबलेल्या. आत्या आत आली तेव्हा मी मोरीत बसून हात घासत होते आणि पाणी लाल होत होतं.

तिनं नळ बंद केला. मी पुन्हा उघडला. तिनं पुन्हा बंद केला आणि माझ्याशेजारी, त्या ओल्या मोरीत, सोवळ्यातच खाली बसली.

‘‘हे सोवळं नव्हे गं,’’ ती म्हणाली. ‘‘सोवळ्याला शेवट असतो. नैवेद्य झाला की मी लुगडं बदलते, चहा पिते, शेजारणीशी भांडते. तुझं संपतच नाही. हा आजार आहे.’’

सवाष्णींना त्या दिवशी पुरणाऐवजी शिरा मिळाला. चार दिवसांनी आत्या मला घेऊन इंदूरच्या बसमध्ये बसली.

इंदूरच्या मनोविकारांच्या डॉक्टरांनी आईवडिलांनाही देवासहून बोलावलं आणि माझं सगळं लहानपण विचारून घेतलं. आई शिट्टीचं, शेवेचं, सगळं सांगत गेली. डॉक्टर म्हणाले, याला ऑटिझम म्हणतात. ही जन्माची घडण आहे, ती जाणार नाही आणि तिच्याशी भांडूही नका. हे धुणं आणि त्यातून आलेलं मनावरचं मळभ, म्हणजे डिप्रेशन, हे वेगळे आजार आहेत, त्यांना इलाज आहे. वडिलांनी एवढंच विचारलं, ‘‘मग ही पास होणार का?’’ डॉक्टर हसले. म्हणाले, ‘‘त्याची गोळी माझ्याकडे नाही. ते तिनंच करायचं.’’

इलाज म्हणजे गोळ्या, आणि हात न धुता बसणं. ऐकायला सोपं आहे. नळाला हात लावायचा, मग वही उघडायची, आणि भीती कितीही वाटली तरी उठायचं नाही. आत्या समोर पाटावर बसून वाती वळायची. गोळ्यांनी झोप यायची. एक हिवाळा मी भिंतीकडे तोंड करून काढला. त्या वर्षीची परीक्षा डॉक्टरांनी वडिलांना समजावून सोडायला लावली. आत्या उठवायची, चहा द्यायची, पाट मांडायची. पुढच्या महालक्ष्म्यांना तिनं मला नळाला हात लावून तसंच पुरण वाटायला लावलं. मी म्हटलं, देवीला चालणार नाही. ती म्हणाली, ‘‘देवीचं मी बघून घेते. तू वाट.’’

घरात कोणी मेलं नाही.

त्यानंतरच्या, पहिल्या वर्षाच्याच परीक्षेआधी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वडील प्राचार्यांकडे गेले. मला पंख्यापासून दूर, भिंतीकडचा बाक मिळाला. मी कानांत कापूस घातला. अकाउंट्सच्या पेपरला पेन गळलं आणि बोटं निळी झाली. नळ खिडकीतून दिसत होता. मी बाकाची कड घट्ट धरली, भीती ओसरेपर्यंत धरून ठेवली, आणि त्याच बोटांनी ताळेबंद लिहायला घेतला. कागदावर डाग पडले. पडू दिले.

पुढच्या दोन्ही वर्षांचे सगळे पेपर मी तसेच दिले. गोळ्या चालू होत्या, आजही आहेत. गर्दी आणि शिट्ट्या मला अजून सोसत नाहीत.

मी बी.कॉम. झाले, दुसऱ्या श्रेणीत. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.