फिनाईलबाई आणि लाळ्या

घाणीचा इतका तिटकारा असलेल्या बाईला नेमकी गटारांच्या खात्यात नोकरी मिळावी, याला काय म्हणायचं? सकाळी फोन कानाला लावला की संध्याकाळपर्यंत तेच. कुणाची मोरी तुंबलेली, कुणाच्या जिन्याखाली मैला आलेला, कुणाच्या नळाला नको तसलं पाणी. आणि लोक सांगायचेही असे रंगवून, की जणू पलीकडे वास पोचल्याशिवाय तक्रार नोंदवलीच जाणार नाही. बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. पण दिसत नाही म्हणजे घाण कमी जाणवते, ही डोळसांची समजूत. त्यांना ती नाकाने, कानाने आणि बोटांनी तिप्पट कळायची. म्हणून त्या टेबल पुसायच्या, फोन पुसायच्या, दाराची मूठसुद्धा पुसूनच धरायच्या. ऑफिसने त्यांना फिनाईलबाई म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नाही. ते नाव बाईंच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं.

अशा बाईंच्या नशिबी लाळ्या आला.

त्यांची आधीची वाटाडी कुत्री म्हणजे कुत्री नव्हतीच, असं बाई सांगत. पायपुसण्यावर पाय पुसून आत यायची म्हणे. ती म्हातारी होऊन गेली आणि बाई वहिनीच्या ताब्यात गेल्या. वहिनी मनाने वाईट नव्हती, पण नणंदेचं मनगट धरून भाजीची पिशवी ओढावी तशी ओढत न्यायची. वर वाटेत भेटेल त्याला थांबवून, "आमच्या वन्सं, दिसत नाही हो त्यांना," अशी ओळखही करून द्यायची. ऑफिसच्या दारात पोचेपर्यंत बाईंच्या अंगाची लाही लाही झालेली असे. स्वतःच्या पायांनी कामावर जाणारी बाई होती ती, आणि आता तिला पोचवावं लागत होतं.

त्यामुळे वाटाडी कुत्री देणाऱ्या संस्थेचा प्रशिक्षक नवा कुत्रा घेऊन दारात उभा राहिला तेव्हा बाईंनी आनंदाने हात पुढे केला. हाताला लागली ती लाळ. थोडीथोडकी नाही, मनगटापासून कोपरापर्यंत ओघळणारी, कोमट, चिकट. त्या तशाच उठून मोरीत गेल्या आणि साबण संपतो की काय इतका वेळ हात धूत राहिल्या. संस्थेने त्याला काहीतरी रुबाबदार नाव दिलं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा लाळ्या केला.

लाळ्याचे गुण काय वर्णावेत? त्याच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. तो झोपेत वारा सोडायचा आणि स्वतःच दचकून उठायचा. त्याचे केस उशीवर, टॉवेलवर, एकदा तर बाईंच्या जिभेवर सापडले. एकदा फुटपाथवरचं काहीतरी उचलून त्याने गटकन गिळलं. काय होतं ते प्रशिक्षकाला विचारायची बाईंची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर ते त्याने त्यांच्या चपलेत परत केलं. वहिनी पदराआड हसली, भाऊ पेपरच्या आड. बाईंना मात्र रडू यायचंच बाकी होतं.

प्रशिक्षकाचं म्हणणं वेगळंच. कामाला हा वाघ आहे, त्याच्या तुकडीत याच्यासारखा दुसरा नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगे. कुत्र्याच्या अंगावरच्या साजाला एक ताठ दांडी असते, ती बाईंनी डाव्या हातात धरायची. कुत्रा थबकला, वळला, कचरला, की ते त्या दांडीतून हाताला कळतं. म्हणून हात उघडा हवा. पण दांडीलाही लाळ लागलेली असायचीच. बाई रबरी हातमोजे घालून निघाल्या की प्रशिक्षक ते काढायला लावायचा, आणि तो घरी गेला की बाई पुन्हा चढवायच्या.

शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं. शुक्रवारी घरापासून ऑफिसपर्यंत दोघांनीच जायचं, तो रस्त्याच्या पलीकडून लांबून बघणार. जमलं तर कुत्रा बाईंचा. नाही जमलं तर तो कुत्र्यासाठी थांबलेल्यांच्या रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जाणार आणि बाई रांगेच्या शेवटी. म्हणजे कित्येक वर्षं वहिनीचा हात.

शुक्रवारी बाई उघड्या हाताने निघाल्या खऱ्या. पण गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत लाळेचा एक जाड ओघळ दांडीवरून त्यांच्या बोटांच्या बेचक्यात उतरला. शिसारीने त्यांचे खांदे वर गेले. कोपऱ्यावर वळल्यावर प्रशिक्षक क्षणभर मागे पडणार हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात त्यांनी पर्समधून हातमोजे काढले आणि चढवले.

बेकरीच्या अलीकडे वास सुरू झाला. तो वास बाईंच्या ओळखीचा होता. आदल्या दिवशी बेकरीसमोर चेंबर तुंबल्याची तक्रार त्यांनीच घेतली होती आणि तातडीची म्हणून पुढे पाठवली होती. खात्याची माणसं आली होती, झाकण काढलं होतं, आजूबाजूला खणलंही होतं, आणि मग भोवती काही अडथळा न लावता खुशाल चहाला गेली होती. हे बाईंना कुठून कळणार?

लाळ्या थांबला. रबराआडून बाईंना ते नीटसं कळलंच नाही. कळलं ते इतकंच, की हा पुन्हा घाणीत तोंड घालतोय. इतक्या दिवसांची साठलेली किळस एकदम वर आली.

"चल पुढे," त्या म्हणाल्या.

तो हलला नाही. उलट आडवा झाला आणि आपलं अख्खं अंग त्यांच्या नडग्यांवर रेटू लागला. बाईंना वाटलं, हा आता अंगच पुसतोय माझ्या कपड्यांना. त्यांनी दात ओठ खाऊन गुडघ्याने त्याला जोरात ढकललं.

लाळ्या आत गेला. मागचे पाय आधी, मग पोट. बाईंच्या हाताला एक हिसका बसला, एक पाऊल पुढे पडलं आणि त्याखाली जमीन नव्हती. त्या मागे कोसळल्या म्हणून वाचल्या. खालून कुत्र्याची नखं सिमेंटवर ओरखडत होती. तो भुंकत नव्हता, नुसता धापा टाकत होता. बाई पालथ्या पडल्या, हात खाली घातले. गाळात बुडालेला साज रबरी हातांतून सुळकन निसटला. त्यांनी मोजे उपटून फेकले, उघड्या हातांनी त्याच्या काखेत बोटं रुतवली आणि सगळा जीव एकवटून ओढलं. तो वर आला तो त्यांच्या अंगावरच. गळ्यात, केसांत, तोंडात, सगळीकडे तेच. बाईंना तिथेच ओकारी झाली.

मधे एक ट्रक उभा असल्यामुळे प्रशिक्षकाला काही दिसलं नव्हतं. तो धावत आला, खड्डा बघितला, फेकलेले मोजे बघितले.

"तो थांबला होता, बाई," तो म्हणाला. "तुम्ही ऐकलं नाहीत."

कुत्र्याच्या अंगावरची घाण निदान धुऊन निघण्यासारखी होती. त्यांना आपलीच शिसारी आली. प्रशिक्षक म्हणाला, आता हा यांच्यापुढे चालेल असं काही वाटत नाही, गाडी मागवून घेऊन जातो. बाईंनी विनवलं, की गाडी ऑफिसवर बोलवा, तिथवर येऊ दे त्याला, आला तर. त्या उभ्या राहिल्या, दांडी धरली. चल म्हणायचं तोंडच नव्हतं. लाळ्याने अंग झटकलं, उरलासुरला गाळ त्यांच्या तोंडावर उडवला. बऱ्याच वेळाने दांडी हातात किंचित डावीकडे कलली. बाई तिच्यामागून गेल्या. खड्ड्याला वळसा पडला, कडा लागली, पुन्हा फुटपाथ आला. ऑफिसच्या पायरीशी दांडी थांबली तेव्हा बाईही थांबल्या.

ऑफिसात हाहाकार उडाला. खिडक्या धडाधड उघडल्या गेल्या. मोठे साहेब नाक दाबून बाहेर आले आणि हे जनावर आधी बाहेर काढा म्हणाले.

"साहेब, याच्या अंगावरचं सगळं आपल्याच खात्याचं आहे," बाई म्हणाल्या आणि फोनपाशी जाऊन बसल्या. लाळ्या टेबलाखाली शिरला आणि त्यांच्यापासून शक्य तितका लांब बसला. प्रशिक्षक त्याचा पट्टा धरून शेजारच्या खुर्चीवर गाडीची वाट बघत होता.

फोन वाजला. बेकरीच्या वरच्या मजल्यावरचे एक आजोबा होते, रागाने थरथरत. बाईंनी सगळं टाइप केलं आणि ब्रेल उमटणाऱ्या पट्टीवर बोटं फिरवत नियमाप्रमाणे तक्रार त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

"बेकरीसमोर खात्याच्या माणसांनी चेंबर उघडा टाकला. एक आंधळी बाई आली. कुत्रा तिला अडवत होता. तिने त्याला लाथ घालून आत ढकललं."

लाथ नव्हती, गुडघा होता. पण दुरुस्त करण्याजोगा फरक बाईंना त्यात दिसला नाही.

आजोबांनी आणखी एक वाक्य लिहायला सांगितलं. बाईंची बोटं जराशी अडखळली. मग त्यांनी तेही लिहिलं आणि त्याच आवाजात वाचलं.

"असल्या बाईला कुत्रा देऊ नये."

आजोबांनी त्या बाईचं नाव कळेल का विचारलं. बाईंनी आपलं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि तक्रार नोंदवल्याबद्दल आभार मानले.

बाईंनी फोन ठेवला. मग टेबलाखाली काहीतरी सरकलं, आणि एक ओलं, जड, दुर्गंधीने भरलेलं धूड बाईंच्या दोन्ही पावलांवर येऊन पडलं. घाण बुटांतून आत झिरपू लागली. बाईंच्या अंगावर शहारा आला, पण पाय त्यांनी हलवले नाहीत.

शेजारची खुर्ची मागे सरकली. प्रशिक्षकाने पट्ट्याचं टोक बाईंच्या मांडीवर ठेवलं आणि फोनवर गाडी नको म्हणून सांगत तो एकटाच बाहेर गेला.