सहा यंत्रं आणि नववं पान

माझा मामा बटणांच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली, मामा मात्र अजून कामावरच आहे. मालकाने जाताना त्याच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाला, "लक्ष ठेव." तेवढ्या दोन शब्दांवर हा माणूस दर शनिवारी तेलाची कुपी घेऊन जातो, सहाही यंत्रांना तेल घालतो, प्रत्येकाचं चाक हाताने पन्नास वेळा फिरवतो आणि कुलूप लावून घरी येतो. मामी म्हणते, "माझे गुडघे कुरकुरतात, ते नाही याला ऐकू येत."

आमच्या भागासाठी सरकारची एक योजना आहे. बंद कारखाने पुन्हा उभे करायचे, आमच्या इथे चाळीस जणांना काम द्यायचं. तीन वर्षांपूर्वी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, "यंत्रांच्या स्थितीबद्दल खात्री नाही." मामाने ते मनाला लावून घेतलं आणि पन्नासाचे शंभर फेरे केले. यंदा अर्ज मी भरला. चाळिसांच्या यादीत माझंही नाव आहे. शिकून चार वर्षं घरी बसलेय.

तपासणीला सरकारी बाई येणार म्हटल्यावर मी मामाला सांगितलं, "सगळं चकाचक दिसू दे." पाहुणा यायचा तर घर आवरतात, आम्हाला एवढंच ठाऊक. मामाने फरशी पुसली, पितळी पट्ट्या घासल्या. बाई आल्या आणि एकेका यंत्रावरून बोट फिरवून बघत गेल्या.

"चालतात का?" त्यांनी विचारलं.

मामाने उरल्यासुरल्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा आत सरकवला आणि चाक फिरवलं. खट् आवाज झाला, पांढरं बटण ताटलीत पडलं. मामाचा चेहरा असा खुलला की मलाही हसू आलं.

बाईंनी बटण हातात घेतलं. "काका, अर्जाचं नववं पान वाचलं नाहीत का? यंत्रं कायमची निकामी असतील तरच निधी मिळतो."

"पण मागच्या वेळी तर..."

"ती अट बदलली." त्या खरंच ओशाळल्या होत्या. "मला दिसलं ते लिहावं लागेल. सहा महिन्यांनी परत येईन. तेव्हा दिसेल ते लिहीन."

नववं पान मी वाचलंच नव्हतं. सही आठव्यावर होती, तिथेच थांबले होते.

त्याच्या घरी आल्यावर मामा म्हणाला, "म्हणजे नीट ठेवली ही चूक झाली?"

"चूक नाही, मामा."

"मग यंत्रं चालतात, तर कारखाना का नाही चालत?"

मामी हळूच म्हणाली, "सहा महिने तेल घालू नका. जागा दमट आहे, गंज आपोआप चढेल."

मला भयंकर राग आला. बाईंवर, त्या अटीवर की स्वतःवर, ते ठरवता येईना. चाळीस घरांना काम मिळावं म्हणून धडधाकट यंत्रं गंजू द्यायची, हे शहाणपण की वेडेपणा, मला अजून कळलेलं नाही. आणि मला ती नोकरी हवी आहे, हेही खरंच.

शनिवारी सकाळी मामा आमच्या दारात आला, कामाचा शर्ट घालून. हातात कुपी नव्हती. किल्ली त्याने माझ्या हातावर ठेवली.

"तुझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "माझ्याकडे असली तर मी जाईन."

दुपारी तो ती मागायला आला. मी दिली नाही.