सोनगीरची सातवी चव

धुळ्याहून शिरपूरला निघालेली आमची मोटर इंजिनात पाणी भरायला सोनगीरला थांबली, आणि समोरच्या चुलीवरून असा काही वास आला, की सगळी मोटर रिकामी झाली. चुलीशी बसलेल्या बाईला सगळे नुसतं अक्का म्हणत. ती चहापत्तीशिवायचा चहा करी. ड्रायव्हरने मला नियम सांगितला: चहातल्या सातही चवी ओळखायच्या, नाहीतर मोटर सुरू करायला पुढचं हँडल फिरवून मारायचं.

मी पडलो जळगावचा खवय्या! जर्मन धातूचा पेला नाकाशी धरून छाती फुगवली. "बोर, आवळा, सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा!" दर नावाला अक्का एकेक बोट उघडत गेली. सहा झाली. सातव्या चवीसाठी मी चार पेले रिचवले, जायफळापासून बडीशेपेपर्यंत वाटेल ते बरळलो. अक्का पदरात तोंड घालून हसत होती, उतारू टाळ्या पिटत होते.

शेवटी तिने चुलीकडे बोट दाखवलं. बोरं-आवळे ती आधी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजून घेई, भरिताची वांगी भाजतात तशी. सातवी चव त्या धुराची होती!

"अहो, कालच तर मळ्यात भरीत खाल्लं!" मी ओरडलो.

अक्काने माझ्या कोटाच्या बाहीजवळ नाक नेलं.

"तुमना आंगलेच तो वास शे, भाऊ. मंग जिभले कसा समजी?"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. हँडल मारता मारता मी हळूच बाही हुंगून पाहिली. मला कसलाच वास आला नाही.